केसपेपरवरील एक ओळ

31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला आणि अनेक कामगार प्राणास मुकले. तो दिवस आपल्या भागातील लोक विसरलेले नाहीत. स्फोटाचा आवाज होतो, धूर दिसतो, बातमीदार धावून येतात, चौकशी लागते. कामगाराची सुरक्षितता म्हटली की असाच एखादा प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु कामापायी येणारे मरण पुष्कळदा आवाज न करता येते. काम सुटून माणूस घरी परतल्यावर, कधी कित्येक वर्षांनी येते. श्रोतेहो, मला आज बोलावयाचे आहे ते याविषयी.

नंदुरबार म्हटले की बाहेरगावच्या माणसाला मिरची आठवते. हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीत येते आणि पथाऱ्यांवर वाळत पडते. ती पसरणे, खालीवर करणे, देठ खुडणे, निवडणे ही कामे मोठ्या प्रमाणावर बायका करतात. मिरचीतील तिखट अंशाला कॅप्सेसिन म्हणतात. तो पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हात नुसत्या पाण्याने कितीही धुतले तरी आग राहते. आधी तेल चोळून मग साबण लावला तर ती पुष्कळ उतरते. पथारीवर तेल आणि साबण ठेवावयास मालकाला असा काय खर्च येणार आहे? त्याच हातांनी बाईला संध्याकाळी तान्हे मूल घ्यावयाचे असते. नाकातोंडावर पदर किंवा फडके बांधतात. त्याने ठसका कमी होतो, पण बारीक धूळ सुती विणीतून आत जातेच.

ऊसतोडीची गोष्ट निराळी. आपल्या गावपाड्यांतून टोळ्या दक्षिण गुजरातेत जातात. नवराबायको मिळून एक कोयता. हिशेबही कोयत्याचा, माणसाचा नव्हे. आता आपल्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट ध्यानात घ्या. भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ही वेदना उसळते ती थंडीने, अतिश्रमाने आणि अंगातील पाणी कमी झाल्याने. पहाटेचा गारठा, दिवसभर वाकून तोड, आणि पाणी फडापासून लांब: तिन्ही कारणे ऊसतोडीत एके ठिकाणी येतात. एका फडावर मी असा तरुण पाहिला आहे. गुडघे धरून तो बांधावर पडला होता, आणि गडी अंग चोरतो अशी मुकादमाची समजूत झाली होती. अशा माणसाला डोक्यावरची टोपी आणि हातमोजे देऊन भागत नाही. पिण्याचे पाणी, पांघरूण आणि विसावा हीच त्याची सुरक्षेची साधने.

याहून कठीण प्रकार नर्मदेपलीकडे घडला. अलिराजपूर, झाबुआ व धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गोध्रा-बालासिनोर भागात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि फुप्फुस निबर होत जाते. यालाच सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. खोकला, धाप, वजन घटणे ही लक्षणे क्षयासारखीच. शिवाय अशा माणसाला क्षयही लवकर जडतो. त्यामुळे क्षयाची औषधे चालू राहतात, गुण येत नाही, आणि मूळ कारण कोणाच्या ध्यानी येत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2010 मध्ये 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये द्यावेत अशी शिफारस गुजरात सरकारला केली. सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश निघाला मे 2016 मध्ये.

सन 1700 मध्ये बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटलीतील वैद्याने कामकऱ्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्याने एकाची भर घातली: तो धंदा कोणता करतो? सव्वातीनशे वर्षे लोटली. आपल्याकडे केसपेपरवर नाव, वय, गाव लिहिले जाते. धंद्याची जागा पुष्कळदा मोकळीच राहते, फार तर ‘मजुरी’ एवढे लिहितात. मजुरी कसली, कोठे, किती हंगाम, हे कोण विचारतो?

हा केवळ वैद्यकीचा प्रश्न नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा जो अर्ज सरकारपुढे ठेवला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. कामावर जबर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा अशी मागणी त्यात होती. भरपाईचा कायदा 1923 साली झाला. जखम मात्र दाखवता येते. आजाराचे नाते कामाशी जोडून दाखवावे लागते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. कारखाना कशाला म्हणावे याची मर्यादा 1948 च्या कायद्यात मुळात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 10 आणि विजेवाचून 20 कामगार अशी होती. संहितेत ती 20 आणि 40 आहे. हे मला पटत नाही. लहान जागेत धूळ काही कमी उडत नाही. पण दोन कलमे उपयोगी आहेत. मालकाने प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र द्यावयाचे आहे. आणि परिशिष्टातील आजार, त्यांत सिलिकोसिसही आला, रुग्णात आढळल्यास डॉक्टराने सरकारी निरीक्षकाला कळवावयाचे आहे. डॉक्टराला धंदाच ठाऊक नसेल तर तो काय कळवणार?

म्हणून दवाखान्यात गेल्यावर आपणहून सांगावे: पथारीवर इतके हंगाम, क्रशरवर इतकी वर्षे, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. त्यापूर्वी सिकलसेलची तपासणी करून तिचा कागद सोबत बांधावा, आणि घरी एका वहीत मालकाचे व मुकादमाचे नाव, गाव, कामाचा प्रकार, गेल्याची व आल्याची तारीख टिपून ठेवावी. ही वही घरातील शाळेत जाणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या स्वाधीन करावी. मुकादमाच्या हाती देऊ नये.