गाईचें रक्त आणि आमचें अनुमान

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें न्यायशास्त्रांतील उदाहरण आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें मुलांना शिकविलें. परंतु धुक्यालाच धूर समजणारा मनुष्य कसा फसतो, हा धडा आम्हांस उतारवयांत आमच्याच गोठ्यानें शिकविला. ज्यांच्या घरीं एक तरी दुभतें जनावर आहे, अशा वाचकांस तो उपयोगी पडेल म्हणून येथें सांगतों.

भंडारा जिल्ह्यांत पवनीजवळ, वैनगंगेच्या कांठीं आमचें घर आहे. इ. स. २०२२ चा पोळा होऊन पंधरवडा झाला असेल. आमच्या गाईनें वैरण सोडली. डोळ्यांतून व नाकांतून पाणी वाहूं लागलें, अंग तापलें. कासेजवळ चार गोचिडी सांपडल्या. आम्हीं लागलीच निदान केलें, "हा गोचीड-ताप!" धाकट्या सूनबाईंनीं मात्र आम्हांस न विचारतां सरकारी दवाखान्यांतील तरुण पशुवैद्यांस बोलावून घेतलें. ते मानेच्या शिरेंतून रक्त काढावयास निघाले, तेव्हां आम्हीं त्यांचा हात धरला.

"अहो डॉक्टर, आधींच ती अशक्त, तिचें रक्त कसलें काढतां?"

"गुरुजी, चमचाभर रक्तानें गाईला कांहीं होत नाहीं," ते नम्रपणें म्हणाले. पण आमचा हट्ट पाहून औषध देऊन परतले. जातांना "गाय वेगळी बांधा" असें बजावून गेले. तेंही आम्हीं मनावर घेतलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं तिच्या मानेवर व पाठीवर सुपारीएवढ्या गांठी उठल्या. तो लंपी त्वचारोग होता. इ. स. २०१९ सालीं ओडिशांत प्रथम आढळलेल्या या रोगानें त्या वर्षीं महाराष्ट्रभर थैमान घातलें होतें.

आमचा व शेजारच्या कास्तकाराचा गोठा यांमध्यें केवळ एक कूड आहे. हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डांस व गोचिडी यांच्या द्वारें पसरतो, आणि माशीला कूड अडवीत नाहीं. दोन आठवड्यांनीं शेजाऱ्याच्या जोडीपैकीं एका बैलास गांठी आल्या व तो दगावला. शासनानें अशा बैलामागें २५,००० रुपयांचें साहाय्य ठरविलें होतें; परंतु धान कापून आणावयाचे दिवस तोंडावर असतां जोडीचा एकच बैल उरलेल्या मनुष्याचें तेवढ्यानें काय भागणार? रोग आमच्याच गोठ्यांतून गेला असें शपथेवर कोणी सांगूं शकणार नाहीं. शेजारी तर चकार शब्द बोलला नाहीं. आमची गाय महिन्याभरानें सांवरली. त्याच्या दारावरून जातांना आमची मान मात्र अजून खालीं जाते.

त्या चमचाभर रक्तांत काय दिसलें असतें, हें आम्ही मागाहून त्याच डॉक्टरांपाशीं विद्यार्थी होऊन शिकलों. गाईच्या एक घनमिलिमीटर रक्तांत सामान्यतः चार हजार ते बारा हजार पांढऱ्या पेशी असतात, आणि मनुष्याच्या उलट, त्यांत लसीकापेशींचा भाग मोठा असतो. विषाणूची बाधा झाली कीं आरंभीं पुष्कळदां ही संख्या उतरते. शिवाय रक्ताचा थेंब कांचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरला म्हणजे गोचीड-तापाचे जंतु पेशींच्या आंत बहुधा प्रत्यक्ष दिसतात. ते दिसले नाहींत आणि पांढऱ्या पेशीही घटलेल्या असल्या, तर विषाणूचा संशय बळावतो.

तो संशयच होय, निश्चय नव्हे. जिवाणूंच्या तीव्र विकारांतही गाईच्या पांढऱ्या पेशी घटूं शकतात. नैयायिक अशा खुणेस सव्यभिचार हेतु म्हणतील. डेन्मार्कमध्यें गुरांच्या ल्युकोसिस रोगासाठीं वयाप्रमाणें लसीकापेशी मोजून कळप तपासीत असत. त्या रोगाचा विषाणु इ. स. १९६९ सालीं सांपडल्यावर कळून आलें कीं, बाधित गाईंपैकीं सुमारें तिसऱ्या हिश्श्यांतच या पेशींची वाढ टिकून राहते. बाकीच्या मोजणींतून निसटतात. म्हणून निर्णय विषाणूचें जनुकद्रव्य शोधणाऱ्या पीसीआर चांचणीनेंच होतो. लंपीसाठीं रक्त व गांठीवरील खपली भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेसारख्या ठिकाणीं पाठवावी लागते.

तें उत्तर यावयास वेळ लागतो, हें खरें. पण जनावर वेगळें बांधावयास उत्तराची वाट कशाला पाहावी? संशय हेंच पुरेसें कारण आहे. रक्त देऊं केलें असतें, तर निदान आमची स्वतःची खात्री तरी डळमळली असती, आणि त्याच सायंकाळीं गाय गांवाबाहेरच्या खळ्यावर गेली असती.

धीर सोडावयाचें कारण नाहीं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं बुळकांडीनें गोठेच्या गोठे ओस पाडले. तो विषाणुही लसीकापेशींचाच संहार करी. इ. स. १८८९ त पुण्यास निघालेली व १८९३ त मुक्तेश्वरास हलविलेली प्रयोगशाळा या रोगाशीं झगडली. पुढें लसी आल्या, गांवोगांव टोंचणी झाली. भारतांत तिचा शेवटचा उद्भव १९९५ सालचा, आणि २०११ सालीं ती पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.

तेव्हां गृहिणींस व गृहस्थांस आमची विनंती एवढीच: ताप दिसतांच जनावर निराळें करा, गोठ्यांतील माश्या-गोचिडी आवरा, पशुवैद्यांस त्याच दिवशीं बोलवा, आणि ते रक्त घेऊं लागले तर दावें घट्ट धरून त्यांस साहाय्य करा. दरसालची लस चुकवूं नका. लंपी मनुष्यास होत नाहीं. दूध उकळून प्यावें, म्हणजे झालें.

आमच्या घरीं आतां पशुवैद्यांस बोलवावयाचें कीं नाहीं, हें सूनबाई ठरवितात. आम्ही दावें धरतों.