बेटिओ : तोफांच्या सावलीतलं गाव

पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेला तरावा हे कंकणाकृती प्रवाळबेट आहे. किरिबाटी या देशाची राजधानी इथेच. फिजीहून आलेलं विमान बोनरिकीला उतरतं आणि तिथून निघालेला रस्ता पश्चिम टोकाच्या बेटिओपर्यंत जातो. बेटिओ लांबीला जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर, रुंदीला पाऊण किलोमीटरही नाही. दुसऱ्या महायुद्धातली एक अतिशय भीषण लढाई एवढ्याशा जमिनीवर झाली.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी सैन्य या बेटांवर उतरलं. तेव्हा ती गिल्बर्ट बेटं या नावाने ब्रिटिशांच्या ताब्यात होती. ऑक्टोबर १९४२ मध्ये जपान्यांनी बेटिओवर २२ कैद्यांचा शिरच्छेद केला. त्यांत किनाऱ्यावरून शत्रूची टेहळणी करण्यासाठी न्यूझीलंडहून आलेले १७ जण होते. बेटिओवर त्यांचं स्मारक आहे.

२० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकी मरीन सैनिक चालून आले. त्या सकाळी भरतीचं पाणी पुरेसं चढलं नाही आणि बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या. सैनिक पाण्यात उतरले आणि मशीनगनच्या माऱ्यात शेकडो मीटर चालत किनाऱ्याकडे निघाले. ७६ तासांत बेट पडलं. सुमारे एक हजार अमेरिकी मारले गेले. समोरच्या साडेचार हजारांहून अधिक माणसांपैकी जेमतेम दीडशे वाचली. त्यांत जपानी फक्त १७, बाकीचे राबवायला आणलेले कोरियन मजूर.

आठ इंची तोफा किनाऱ्यावर आजही गंजत उभ्या आहेत. जपानी सेनापती शिबाझाकी यांचं काँक्रीटचं ठाणं दाट वस्तीत आहे. पाया खणताना अजूनही हाडं आणि काडतुसं सापडतात.

या लढाईवरच्या पुस्तकांत अमेरिकी आणि जपानी माणसं भेटतात, इथले रहिवासी क्वचितच. दोन परक्या सत्तांच्या लढाईत जमीन उद्ध्वस्त झाली ती त्यांची. जपानी गेले आणि ब्रिटिश राज्य परत आलं. स्वातंत्र्य उजाडलं ते १२ जुलै १९७९ रोजी, म्हणजे ‘मुक्ती’नंतर तब्बल ३६ वर्षांनी. पुढे १९८७ मध्ये बेटिओला शेजारच्या बैरिकीशी जोडणारा सेतुमार्ग झाला, तो जपानच्याच मदतीने.

बेटिओला जाणाऱ्याने तोफा जरूर पाहाव्यात. मात्र त्या लोकांच्या दारात आहेत, तेव्हा आधी घरच्यांना विचारावं आणि त्यांच्या आजी-आजोबांनी सांगितलेलं युद्धही ऐकावं. तो इतिहास अजून पुरता लिहिला गेलेला नाही.