कारंज्याचा कापूस आणि मँचेस्टरची इंजिने

‘शकुंतला’ हे नाव निघाले की वऱ्हाडातील जुन्या माणसांना मूर्तिजापुराहून निघून कारंजा, दारव्हा अशी गावे घेत यवतमाळास रमतगमत पोहोचणारी गोरगरिबांची गाडी आठवते, आणि तिच्यावर आजवर जे लिहिले गेले त्यातील बहुतेक लेखन या आठवणींच्या ओलाव्यातच भिजलेले आहे. परंतु हा लोहमार्ग ज्या व्यापाऱ्यांनी घातला त्यांच्या हिशेबात उतारू हा दुय्यम होता. त्यांना हवा होता तो कापूस. वाशीम शहर हे एके काळी स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे असूनही त्याच्या दाराशी आगगाडी आली ती स्वातंत्र्यानंतर, आणि आज त्याच जिल्ह्यात मोडणाऱ्या कारंज्याच्या पेठेत मात्र ती कित्येक दशके आधी येऊन ठेपली होती, याचे कारण या हिशेबातच सापडते.

या कहाणीचा आरंभ मात्र सह्याद्रीत आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे मार्गावर पहिली गाडी धावली आणि त्याच वर्षी निजामाकडून वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण योगायोग आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली इंजिने सपाट किनारपट्टीस पुरेशी होती. पण भोर आणि थळ या दोन्ही घाटांत दर सदतीस फुटांस एक फूट असा चढ होता, आणि तेथे मालाच्या गाड्या ओढावयाच्या तर निराळ्याच घडणीचे यंत्र हवे होते. १८६२ च्या सुमारास शार्प स्ट्युअर्ट या मँचेस्टरच्या कारखान्याने घाटासाठी जी इंजिने घडविली त्यांना सहा जोडचाके होती आणि पाण्याची टाकी घोड्यावरच्या खोगिराप्रमाणे बाष्पकावर पसरलेली होती. यातील मर्म असे की वाफेचा जोर कितीही असला तरी चाक रुळाला धरून राहिले नाही तर तो जोर व्यर्थ जातो. म्हणून इंजिनाचे वजन, पाण्यासकट, जितके अधिक जोडचाकांवर टाकता येईल तितके टाकावयाचे, आणि चाकांचा व्यास लहान ठेवून वेगाच्या मोबदल्यात ओढ विकत घ्यावयाची, हेच पुढे मालगाडीच्या प्रत्येक इंजिनाचे सूत्र झाले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा दुष्काळ पडला होता. त्या निकडीच्या छायेत हा मार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, आणि खामगावची शाखा तर १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते उघडली गेली; एवढा मान त्या बाजारपेठेला मिळाला तो तेथील कापसामुळे. मुख्य मार्गाच्या दक्षिणेस असलेले कारंजा मात्र बंडीवरच राहिले, आणि वऱ्हाडची काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात हातभर भेगाळते हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या बंडीची काय दशा होत असेल हे सांगावयास नको.

अशा जमिनीवर पाच फूट सहा इंची रुंद मार्ग घालणे खर्चाचे होते. स्वस्त तोड एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शीस घालून दिली होती. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अडीच फुटांच्या अंतरावर होते, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही असा त्याचा दंडक होता. लीड्सच्या किटसन कारखान्याने तिच्यासाठी घडविलेल्या इंजिनास आठ जोडचाके आणि त्यांच्या मागे चार लहान चाके होती. म्हणजे सहा आसांवर सुमारे तीस टन समान वाटले गेले. हलक्या रुळांवर जड माल नेण्याची ही युक्ती आम्हांस त्या काळातील अभियांत्रिकीचा अव्वल नमुना वाटते, आणि मराठी मुलखात घडूनही ती मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही याचे नवल वाटते.

याच अडीच फुटी मापाचा अवलंब किलिक निक्सन आणि कंपनीने १९१० मध्ये स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने केला. मूर्तिजापूर हे नाके धरून एक फाटा कारंज्यावरून यवतमाळास आणि दुसरा अचलपुरास गेला. गाड्या चालविण्याचे काम करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुलाकडे राहिले. पुढे ती रेल्वे सरकारजमा होऊन मध्य रेल्वे झाली, तरी या मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली.

कारंज्याच्या जिनात सरकी वेगळी झाली की प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधली जाई. अशी गाठ ३९२ पौंडांची आणि दोन गाठींची मिळून मुंबईच्या बाजारातील एक खंडी. मोकळी रुई वजनाला हलकी पण डबा भरून टाकणारी. तिची गाठ झाली म्हणजेच छोट्या मालडब्याचे भाडे परवडे, आणि म्हणून प्रेसवाचून ही रेल्वे तोट्यातच गेली असती. मूर्तिजापुरास या गाठी हमालांच्या पाठीवरून रुंद मार्गाच्या डब्यांत चढत आणि मुंबई बंदराकडे रवाना होत.

या मार्गावर सत्तर वर्षे राबलेले झेड डी वर्गाचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडले व १९२३ मध्ये कामास लागले. झेड हे अक्षर अडीच फुटी मापाच्या इंजिनांसाठी मुक्रर होते. कापूस ज्या नगराकडे जावयाचा तेथूनच तो ओढणारे यंत्र यावे, यात वसाहतीच्या अर्थकारणाचा उघडा ताळेबंद दिसतो. आमच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातले काय आले, हा प्रश्न शकुंतलेची गीते गाणाऱ्यांनी सहसा विचारलेला नाही. पुढे रस्ते झाले, मालमोटारी जिनाच्या फाटकापर्यंत जाऊ लागल्या, मालडबे ओस पडले आणि गाडी उतारूंची होऊन राहिली. १५ एप्रिल १९९४ रोजी वाफेचे इंजिन निवृत्त झाले व डिझेल आले.

आता गाडीही बंद आहे आणि रुंदीकरणाची मागणी चालू आहे. ती रास्तच आहे. मात्र कारंज्यात या मार्गाचे स्मारक करण्याची तजवीज कोणी करणार असेल, तर त्याने उतारूंच्या डब्याआधी मालडबा, रुईचा प्रेस आणि मालाच्या पावत्यांचे दप्तर गोळा करावे, अशी आमची विनंती आहे.