हिवरखेड नगर झाले, पुढे काय?

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड या मोठ्या गावची ग्रामपंचायत जाऊन तिच्या जागी नगरपरिषद आली, व २०२५ सालच्या अखेरीस तिच्यासाठी पहिले मतदानही झाले. गावाचे नगर झाले याचा आनंद तेथील रहिवाशांस व व्यापाऱ्यांस होणे साहजिक आहे. परंतु पाटी बदलली म्हणजे कारभार बदलला असे मानणे घातक होय. वऱ्हाडचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

पूर्वी गावचा कारभार पाटील व पटवारी आणि परगण्याचा देशमुख व देशपांडे पाहत. ही वतने वंशपरंपरेची असल्यामुळे हिशेब द्यावयाचा तो वर सरकारास, खाली रयतेस नव्हे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला, तरी गावची ही घडी पुष्कळशी तशीच राहिली. १८ मे १८८२ रोजी लॉर्ड रिपन यांनी प्रसिद्ध ठराव करून स्थानिक मंडळांत सरकारी सभासद एकतृतीयांशाहून अधिक नसावेत असे ठरविले. कारभार चोख व्हावा यापेक्षा लोकांस कारभाराचे शिक्षण मिळावे, हा त्यांचा मुख्य हेतू होता. त्यास अनुसरून वऱ्हाडात १८८५ साली ग्रामीण मंडळांचा व १८८६ साली म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला. तथापि अंमलदारांची छाया त्या मंडळांवरून लवकर हटली नाही.

आमच्या व्यापारी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १८८६ साली कारंज्यास कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, व १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. माप, तोल व अडत यांस नियम लागले आणि बाजार चालविण्यास समित्या आल्या. ज्या नियमांस प्रथम जाच म्हणावे, त्यांवरच पुढे बाजाराची पत उभी राहते. नगराची गोष्ट याहून निराळी नाही.

पुढे १९४८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडात तालुक्यागणिक जनपद सभा आल्या. वऱ्हाडचेच वसंतराव नाईक यांच्या समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा होऊन १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. १९९३ साली पंचायती व नगरपालिका यांस राज्यघटनेचा आधार मिळाला, आणि २०११ साली महाराष्ट्राने त्यांतील निम्म्या जागा स्त्रियांस राखून दिल्या.

आता मुख्य मुद्दा. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा आहे; तेथे प्रत्येक मतदारास उभे राहून जमाखर्च विचारता येतो. नगरपरिषद होताच ही ग्रामसभा संपते. घटनेने सक्तीच्या केलेल्या प्रभाग समित्या तीन लाख वा अधिक वस्तीच्या नगरांसाठी आहेत. हिवरखेडसारख्या लहान नगरास त्यांचा लाभ नाही. म्हणजे घरपट्टी वाढण्याची धास्ती आहेच, पण ती कोठे खर्च झाली हे विचारण्याची जुनी जागा मात्र गेली!

कोणी म्हणेल की आम्ही मत दिले, एवढे पुरे आहे. इंग्लंडातही जुन्या नगरसभा आपापसांत जागा वाटून घेत. १८३५ च्या कायद्याने १७८ नगरांत करदात्यांनी निवडलेल्या सभा आणल्या. पण त्याबरोबरच हिशेबांची तपासणी व प्रसिद्धीही आवश्यक केली. मत आणि हिशेब ही एकाच गाड्याची दोन चाके होत.

म्हणून हिवरखेडच्या नव्या सभासदांस आमची सूचना अशी. अंदाजपत्रक मंजुरीपूर्वी सोप्या मराठीत चावडीवर व बाजारात लावावे. दर तिमाहीस प्रत्येक प्रभागात खुली सभा भरवावी. कायद्याने सक्ती नसली तरी कायद्याची मनाईही नाही. स्त्री सभासदांच्या खुर्चीवर त्यांच्या पतींनी बसू नये. नागरिकांनीही घरपट्टी वेळेवर भरावी, व भरल्याची पावती हातात घेऊनच प्रश्न विचारावा. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा त्यांच्या पाठीशी आहे. दरबारी कागदाने गावाचे नगर होते. रहिवाशाचा नागरिक मात्र त्याच्या स्वतःच्या जागरूकतेनेच होतो.