सोडलेली जागा

फेब्रुवारी २०१७ च्या गोवा विधानसभा निवडणुकीत पणजीकरांनी सिद्धार्थ कुंकळ्येकर यांना आमदार केले. मे महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि २३ ऑगस्टला त्याच मतदारांना पुन्हा रांगेत उभे राहावे लागले. कुंकळ्येकर आपल्या पक्षावर, भाजपवर, रुसले नव्हते. जागा मनोहर पर्रीकरांसाठी हवी होती.

फेब्रुवारीच्या त्या निवडणुकीत ४० पैकी १७ जागा काँग्रेसला, तर १३ भाजपला मिळाल्या. तरीही छोटे पक्ष आणि अपक्षांची मोट बांधून, संरक्षणमंत्रिपद सोडून आलेले भाजपचे पर्रीकर १४ मार्चला मुख्यमंत्री झाले. ते आमदार नव्हते. सभागृहाबाहेरच्या व्यक्तीला राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार फार तर सहा महिने मंत्रिपदावर राहता येते. गोव्यात विधान परिषदही नाही. म्हणजे कोणीतरी उठून जागा देणे भाग होते.

आमदाराचा राजीनामा सभापतींकडे, स्वतःच्या सहीने लेखी द्यावा लागतो. १९७४ च्या घटनादुरुस्तीनंतर तो स्वखुशीचा आणि खरा आहे, याची सभापतींनी खात्री करून घ्यायची असते. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. विधानसभेची मुदत वर्षभराहून कमी उरली असेल तर मात्र सूट.

२३ ऑगस्टलाच वाळपईतही मतदान झाले. तिथली गोष्ट वेगळी. काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेल्या विश्वजित राणे यांनी मार्चमध्ये विश्वासदर्शक ठरावाच्या मतदानाकडे पाठ फिरवून आमदारकी सोडली. पक्ष बदलून आमदारकी टिकवू पाहणाऱ्यावर पक्षांतरबंदी कायद्याची टांगती तलवार असते. आधीच राजीनामा दिला की नव्या चिन्हावर मतदारांपुढे जाता येते. राणे भाजपच्या तिकिटावर दहा हजारांहून अधिक मतांनी जिंकले. पणजीत पर्रीकरांना ९,८६२ आणि काँग्रेसच्या गिरीश चोडणकरांना ५,०५९ मते पडली.

पणजीला हे नवे नव्हते. पर्रीकर दिल्लीला गेले म्हणून २०१५ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली होती, तेव्हाही कुंकळ्येकरच निवडून आले होते. पर्रीकरांच्या निधनानंतर मे २०१९ मध्ये तिसरी झाली. दोनदा जिंकलेले कुंकळ्येकर या वेळी काँग्रेसच्या बाबूश मोन्सेरात यांच्याकडून हरले आणि १९९४ पासूनचा भाजपचा बालेकिल्ला ढासळला. जुलैत मोन्सेरात यांच्यासह काँग्रेसच्या १५ पैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. संख्या दोन तृतीयांश भरल्याने ते पक्षांतरबंदीतून सूट असलेले विलीनीकरण ठरले. राजीनाम्याची गरज उरली नाही आणि पणजीत पोटनिवडणूकही झाली नाही.