चढावरच खुर्ची का थांबते?

नाशिकच्या पंचवटीत आमच्या ओळखीच्या एक आजी विजेवर चालणारी चाकांची खुर्ची वापरतात. गेल्या पावसाळ्यानंतर ती सपाट रस्त्यावर नीट चाले. गोदाघाटावरून वर येताना मात्र मध्येच बंद पडे. वीज तुटताच ब्रेक आपोआप लागे, म्हणून ती मागे घसरत नसे. पण आजी भररस्त्यात अडकत. “बॅटऱ्या बदला,” असे सर्वांचे मत पडले. व्होल्टमीटर तर २५ व्होल्ट दाखवत होता! मग दोष कोठे?

अशा खुर्चीत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. समजा, सपाटीवर मोटारी ८ अँपिअर धारा घेतात आणि चढावर ४०. बॅटरीच्या टोकावर क्षार साचून ०.२ ओहम रोध निर्माण झाला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे तेथे सपाटीवर १.६ व्होल्ट खर्ची पडतात, चढावर ८! मोटारींसाठी उरतात १७. एवढ्या कमी दाबावर खुर्चीतील नियंत्रक मोटारी बंद करतो. खुर्ची उभी असताना धारा जवळजवळ नसतेच. म्हणून व्होल्टमीटरला हा दोष दिसत नाही.

म्हणून आम्ही मागे मदतनीस ठेवून, खुर्ची चढावर चालू असतानाच जोडाच्या दोन्ही बाजूंना व्होल्टमीटर लावला. व्होल्ट तेथेच गळत होते. ते बॅटरीच्या आत गळत असते, तर मात्र बॅटरी बदलावी लागली असती.

खुर्ची बंद करून तारा सोडवल्या, टोक घासले, पेच आवळला. आजी आता पुन्हा एकट्या घाटावर जाऊन येतात.