अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. तिच्यातील विनोद बाजूस ठेवला, तर मागे उरणारी वस्तुस्थिती मात्र गंभीर आहे. मूळव्याध, भगंदर इत्यादी गुदविकारांनी पीडलेला मनुष्य लाजेपायी वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढतो, आणि अखेरीस पाटी लावून बसलेल्या एखाद्या भोंदूच्या हाती सापडतो. ही लाज बहुतांशी अज्ञानातून उपजते. म्हणून या विकारांची व त्यांवरील शस्त्रोपचारांची माहिती विद्यार्थ्यांनी करून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

गुदद्वाराच्या आतील बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसास असतात. द्वार नीट मिटण्यास त्यांचे साहाय्य होते. बद्धकोष्ठामुळे वारंवार कुंथावे लागले, की त्या फुगून खाली सरकतात. हीच मूळव्याध होय. तिच्यात रक्त पडते, परंतु बहुधा वेदना नसते. याउलट गुदद्वाराच्या त्वचेस चीर पडली, म्हणजे शौचाच्या वेळी सुरीने कापल्यासारखी कळ येते. भगंदराचा प्रकार निराळाच. आतील एखादी सूक्ष्म ग्रंथी पिकून गळू होते, ते फुटते, आणि आतून बाहेरच्या त्वचेपर्यंत नळीसारखी वाट कायम राहते.

सुश्रुताने मूळव्याधीवर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगून, विकाराचे स्वरूप पाहून त्यांची योजना करावी असे म्हटले आहे. आजचा शल्यवैद्यही हाच विवेक पाळतो. लहान कोंबाच्या मुळाशी तो रबराचे घट्ट कडे बसवितो. त्या भागास वेदना जाणवणारे मज्जातंतू नसल्यामुळे भूल द्यावी लागत नाही. रक्तपुरवठा तुटून कोंब सुमारे आठवड्याभरात गळून पडतो. मोठ्या कोंबांसाठी लंडन येथील सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन व मॉर्गन यांनी 1937 साली वर्णिलेली शस्त्रक्रिया आजही प्रचारात आहे. तीत कोंब कापून काढतात, जखमा न शिवता उघड्या ठेवतात, आणि दोन जखमांच्या मध्ये चांगल्या त्वचेची पट्टी राखतात. ती न राखल्यास जखमा भरताना द्वार आकसून अरुंद होते.

चिरेचे कारण आतील आवळलेल्या स्नायूत असते. स्नायू आवळला, की तेथील रक्तप्रवाह मंदावतो व चीर भरत नाही. मलमांनी गुण न आल्यास त्या स्नायूचा थोडा भाग एका बाजूस छेदून तो सैल करतात.

खरे कौशल्य लागते ते भगंदरास. नळी उथळ असेल, तर ती उघडून तळापासून भरू देतात. परंतु तीच नळी स्नायूंच्या बऱ्याच भागातून गेली असेल आणि तो कापला गेला, तर मलावरील ताबा जाण्याचे भय असते. अशा वेळी आयुर्वेदातील क्षारसूत्र उपयोगी पडते. दोऱ्यास निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार व हळद यांचे मिळून 21 लेप देऊन तो नळीत ओवतात व दर आठवड्यास बदलतात. दोरा पुढे हळूहळू छेदत जातो, आणि मागील जखम भरत येते. 1960 नंतरच्या दशकात बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी या पद्धतीचे पुनरुज्जीवन केले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या तुलनेत क्षारसूत्राने जखम भरण्यास 8 आठवडे, तर शस्त्रक्रियेने 4 आठवडे लागले. उलटपक्षी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण क्षारसूत्रात शेकडा 4 व शस्त्रक्रियेत शेकडा 11 आढळले.

मूळव्याधीच्या बहुसंख्य रोग्यांस शस्त्राची गरजच पडत नाही. पालेभाज्या, कोंड्यासह धान्य, पुरेसे पाणी आणि शौचास न कुंथण्याची सवय एवढ्यानेच पुष्कळ काम होते. मात्र एक गोष्ट विसरू नये. शौचावाटे पडणारे प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही. आतड्याच्या कर्करोगाचेही ते पहिले लक्षण असू शकते, आणि वेळीच ओळखला गेल्यास तो पुष्कळदा बरा होतो. म्हणून घरातील वडील मंडळी असे दुखणे लपवीत असल्यास, त्यांना आदराने परंतु आग्रहाने तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेणे हे सुशिक्षित मुलामुलींचे कर्तव्यच होय.